ऐकलंत का? म्हाताऱ्यांना भाव आलाय!

जरा दार लोटून घ्या, मग सांगते. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सध्या दुसरा विषय नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर आजवर गुडघे, सुना आणि पाण्याचा टँकर यांच्यापलीकडे चर्चा गेलेली मला आठवत नाही. तिथे आता ऐंशीला टेकलेले गृहस्थ चारचौघांत सांगतात, "मला लाँग प्रेसचा त्रास आहे." शेजारच्या काकू लगेच, "मला तर स्वाइपनंही तसंच होतं." भर संध्याकाळी. समोर घसरगुंडीवर नातवंडं खेळत असताना!

मी कट्ट्याची सभासद नाही हं. मला अजून दोन वर्षं आहेत. मी फक्त शेजारच्या बाकावर बसते. पण हे सगळं घडलं माझ्याच सख्ख्या भाचीमुळे, म्हणून हल्ली मी मागच्या फाटकानं ये-जा करते. कोथिंबिरीचं प्रकरण तुमच्या कानावर आलंच असेल. नसेल तर थांबा, त्याला वेळ आहे.

भाची बाणेरला एका कंपनीत डिझायनर आहे. डिझायनर म्हटल्यावर मला इतकी वर्षं वाटत होतं की पोरगी कपडे करते. दोन दिवाळ्या मी तिला ब्लाउजचं माप दिलं. ती करते ती फोनच्या पडद्यावरची मांडामांड: बटण कुठे, अक्षर केवढं, बोट कुठे लावलं की काय उघडतं. तर त्यांच्या धंद्यात सध्या एकच साथ आली आहे, ज्येष्ठांसाठी सोशल मीडिया. कालपर्यंत यांच्या लेखी पस्तिशीनंतर माणूस नव्हताच. आता जो तो म्हाताऱ्यांच्या दारात. कारण उघड आहे. २०११ च्या जनगणनेतच देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींवर गेली होती. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा भाजीपेक्षा स्वस्त झाला. आणि वेळ? वेळ यांच्याकडे पिंपं भरभरून. असं गिऱ्हाईक कोण सोडतं?

तर एका संध्याकाळी ही वही, दोन फोन आणि बिस्किटांचे पुडे घेऊन कट्ट्यावर हजर. मी आदल्या दिवशी निरोप फिरवला होता की भाची टेस्टिंगला येते आहे. अर्धा कट्टा उपाशी पोटी येऊन बसला होता.

पहिला स्फोट पाचव्या मिनिटाला झाला. बी विंगच्या काकूंच्या हातात फोन देऊन ही म्हणते, "काकू, वरच्या हॅम्बर्गरवर दाबा."

त्या काकूंकडे चातुर्मासात कांदा जिना चढत नाही. त्यात त्या दिवशी एकादशी.

"तिथे नाही सापडलं तर उजवीकडच्या कबाबवर दाबा," भाची पुढे म्हणालीसुद्धा.

पोरीची चूक नाही म्हणा. हे लोक तीन आडव्या रेघांना खरोखरच हॅम्बर्गर म्हणतात. वर पाव, खाली पाव आणि मध्ये जे काय असतं ते. तीन टिंबं एकाखाली एक आली की कबाब, सळईला ओवल्यासारखी. तीच टिंबं आडवी पडली की मीटबॉल. म्हणजे ज्या पडद्यावर सकाळी दत्तगुरू येतात, त्याच पडद्याच्या कोपऱ्यात हा खानावळीचा संसार! रेघांचं चिन्ह नॉर्म कॉक्स नावाच्या डिझायनरनं झेरॉक्सच्या स्टार संगणकासाठी काढलं, तो संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. कॉक्सच्या मनात साधी यादी होती, एकाखाली एक ओळी. नावाचा चावटपणा नंतरच्यांनी केला.

काकूंनी चाळिशी लावून त्या रेघा न्याहाळल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर भस्माचे पट्टे." निवृत्त संस्कृतच्या बाई फोन ओढून घेत म्हणाल्या, "आणि इथे विसर्गाला एक टिंब जास्त पडलंय." भाचीनं दोन्ही निमूटपणे वहीत लिहून घेतलं. चिन्ह चाळीस वर्षांचं झालं, जगभर फिरलं, आणि आमच्या कट्ट्यावर येऊन ते शैव निघालं.

मग अक्षरांचा विषय. या तरुण मुलांना पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांचा काय सोस आहे, देव जाणे. त्याला म्हणे नजाकत म्हणतात. अहो, साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानानं जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली आक्रसते, आतलं भिंग पिवळट पडतं. त्याला करड्या अक्षरातला मजकूर दाखवणं म्हणजे दुधात दही शोधायला सांगणं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक एवढा फरक असावा, असा वेबसाठीचा दंडक २००८ पासून लिहून ठेवलेला आहे. लिहून ठेवलेला आहे म्हणते मी. पाळण्याचा विषय वेगळा. आपल्या भाषेनं तर हे सगळं आधीच जाणलं होतं, आपण वयालाही चाळिशी म्हणतो आणि चष्म्यालाही.

"मग अक्षर मोठं करा की," असं भाचीच्या साहेबांचं म्हणणं. केलं. इंग्रजीत ठीक चाललं. पण मांडणी सगळी रोमन अक्षरांच्या मापानं बेतलेली, तिला आपल्या वेलांट्या आणि उकार कुठले ठाऊक? अक्षर फुगलं की वरची वेलांटी छताला घासते आणि खालचा उकार कापला जातो. सी विंगमधल्या एका आजोबांना पुतणीकडून बातमी आली, तिच्या मुलीला मूल झालं. तो दीर्घ उकार खालच्या पट्टीनं गिळला. आजोबांनी जे दिसलं ते वाचलं आणि कळवळून उत्तर पाठवलं, "इसबगोल द्या." पुतणी अजून बोलत नाही.

बोटांचं तर विचारूच नका. फोनच्या काचेला बोटाचा दाब कळत नाही, तिला कळते त्वचेतून जाणारी किंचितशी वीज. वय झालं की कातडी कोरडी पडते, आणि काच मख्ख राहते. मग माणूस काय करतो? जोर लावतो. जोर लावला की बोट जास्त वेळ टेकतं. जास्त वेळ टेकलं की फोनला वाटतं, हे मुद्दाम दाबून धरलंय, आणि तो भलतंच काहीतरी उघडून देतो. म्हणजे बोट टेकवावं तर ऐकत नाही आणि दाबावं तर नको ते ऐकतो. घरोघरी दिसणारा प्रकार, फक्त इथे दोष म्हाताऱ्यावर येतो. बटणाच्या मापाचेही नियम आहेत. अँड्रॉइडवाले साधारण नऊ मिलिमीटर सांगतात, म्हणजे चांगला पोसलेला हरभरा. प्रत्यक्षात हाती पडते मोहरी.

आमच्या कट्ट्यावरच्या कॅशियरकाकांनी यावर परस्पर तोडगा काढला होता. छत्तीस वर्षं बँकेत नोटा मोजलेला माणूस. ते खिशातून गोल डबी काढतात, आतल्या ओल्या स्पंजवर बोट टेकवतात आणि मग पडदा सरकवतात. सर्रकन सरकतो. भाचीनं तोंडाचा आ केला. तिच्या कंपनीत म्हणे या विषयावर तीन बैठका झाल्या होत्या.

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. या डिझायनर मंडळींना म्हाताऱ्यांना विचारण्यापेक्षा म्हातारं होऊन बघणं सोपं वाटतं! अमेरिकेत एमआयटीत एजलॅब म्हणून प्रयोगशाळा आहे, तिथे एक पोशाख ठेवलाय. पिवळट चष्मा, हातमोजे, सांध्यांना पट्टे. विशीतली पोरं तो चढवतात आणि कण्हत-कुंथत फिरतात. आणि हे काहीच नाही. १९७९ मध्ये पॅट्रिशिया मूर नावाच्या २६ वर्षांच्या डिझायनर बाईनं चक्क ऐंशीच्या म्हातारीचं सोंग घेतलं. चेहरा रंगवला, कानात बोळे, डोळ्यांवर धूसर चष्मा, गुडघे वाकू नयेत म्हणून बांधलेले. तीन वर्षं ती अशी अमेरिका-कॅनडातल्या शंभरावर शहरांतून हिंडली. आपल्याकडचा बहुरूपी निदान शेवटी बिदागी मागतो. पण हिचं मात्र कौतुक करावं लागेल. ती नोकरीत असताना तिनं विचारलं होतं की संधिवाताच्या हातांना उघडेल असं फ्रीजचं दार का करू नये, आणि तिला उत्तर मिळालं होतं की आपण असल्या लोकांसाठी वस्तू करत नाही. त्या उत्तरावर तिनं हे सोंग उभं केलं. सोंगातही दम होता.

भाचीच्या कंपनीनं सोंगाबिंगाची भानगड ठेवली नाही. त्यांनी सरळ एक बटण केलं, "ज्येष्ठ मोड." कट्ट्यावर फोन फिरला. आजोबांनी पाहिलं, म्हणाले, "छान आहे, यांना द्या." यांनी पाहिलं, "उपयोगी आहे हो, त्यांना द्या." फोन अख्खा कट्टा फिरून भाचीच्या हातात परत आला. ८४ वर्षांच्या आजी तर म्हणाल्या, "घेऊन ठेवते, कुणी म्हातारं माणूस आलं तर दाखवीन."

हसू नका, यात मोठमोठे बुडाले आहेत. हाइन्झ कंपनीच्या लक्षात आलं की दात गेलेली मंडळी लहान मुलांचं डब्यातलं मऊ खाणं विकत नेतात. तेव्हा १९५५ मध्ये त्यांनी खास वृद्धांसाठी डबे काढले. सपशेल आपटले. लहान मुलांचा डबा घेताना नातवासाठी नेतोय असं दुकानदाराला सांगता येत होतं, हा डबा कुणासाठी सांगणार? चिन्यांनी नाव तरी जरा बेतानं ठेवलं. तिथल्या एका मंत्रालयानं जानेवारी २०२१ पासून मोठमोठ्या अ‍ॅपना ज्येष्ठांसाठी सुधारायला लावलं, आणि त्या सप्टेंबरात वीचॅटनं जो मोठ्या अक्षरांचा, ठळक रंगांचा अवतार आणला त्याच्या नावाचा अर्थ होतो काळजी. त्या फर्मानात आणखी एक कलम होतं, ज्येष्ठांच्या आवृत्तीत जाहिरात दाखवायची नाही. भाचीनं हे आपल्या ऑफिसात सांगितलं म्हणे. तिथे एकदम शांतता पसरली आणि सगळ्यांना जेवायची वेळ झाल्याचं आठवलं.

जपान्यांचं मात्र वेगळं. तिथे डोकोमोचे राकु-राकु फोन १९९९ पासून आहेत, राकु-राकु म्हणजे सहज, आरामात. २०१२ मध्ये त्यांचा स्मार्टफोन आला तेव्हा त्यांनी पडद्याला एक शहाणपण शिकवलं. बोट नुसतं टेकलं तर बटण रंग बदलतं, एवढंच. खरं दाबलं तरच काम होतं, आणि दाबलं गेलं हे फोन थरथरून सांगतो. म्हणजे आधी दारावर टकटक, मग आत. आणि तिथल्याच मासाको वाकामिया! बँकेतली नोकरी संपता संपता संगणक शिकल्या, आणि २०१७ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, म्हाताऱ्यांना तरुणांवर मात करता येईल असा खेळ फोनसाठी स्वतः लिहिला. हिनादान. तीन मार्चच्या बाहुल्यांच्या सणाला पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, त्यातल्या बारा बाहुल्या आपापल्या जागी बसवायच्या. बोट ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं. त्याच वर्षी अ‍ॅपलनं त्यांना अमेरिकेत बोलावून घेतलं. हे मी सांगितल्यावर आमचे कॅशियरकाका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्यांचंही वय ८१.

आता गुड मॉर्निंगकडे येऊ या, कारण बदनामी खरी तिथे झाली. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेच्या वॉल स्ट्रीट जर्नलनं छापलं की भारतातल्या फोनमधली जागा संपते आहे, आणि गुगलच्या संशोधकांना त्याचं एक कारण सापडलंय. गुलाब. दव पडलेले, कबुतर बसलेले, चहाच्या कपातून उगवलेले गुलाब. रोज सकाळी लाखांनी. भारतात दर तीन फोनवाल्यांत एकाची जागा रोज भरते, अमेरिकेत दहांत एकाची, असा हिशेबही त्यात होता. गुगलनं त्याआधीच महिनाभर एक झाडू तयार केला होता. फाइल्स गो नावाचं अ‍ॅप, ते असली चित्रं शोधून एका फटक्यात केरात काढायचं. आपल्या मावश्यांचा सुप्रभात अमेरिकेपर्यंत पोचला, आणि पोचला तो केर म्हणून!

पण मी शेजारच्या बाकावरून काही पाहिलंय. आमच्या ग्रुपवर सकाळी सात वीसला एका आजींचा गुलाब येतो. डी विंग, तळमजला, एकट्या राहतात. एक दिवस साडेआठ झाले तरी गुलाब नाही. कुणी काही बोललं नाही, पण अर्ध्या तासात तिघं जण तीन दिशांनी त्यांच्या दारात. कॅशियरकाका तर एका पायात मोजा घालून. आजी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो फोनवर देता येतो, बोटांचे ठसे झिजलेल्यांसाठी २०२१ पासून चेहरा दाखवूनही चालतो. सरकारला वर्षातून एकदा पुरतो. आमच्या कट्ट्याला रोज लागतो, सात वीसला, दवाच्या थेंबासकट. त्या गुलाबाला उत्तर नको असतं, कौतुक नको असतं. हजेरीपटावर 'उपस्थित' म्हणणाऱ्याला मास्तर कधी लाइक देत होते का?

फॉरवर्डचं मी समर्थन करणार नाही. तिथे आमच्या लोकांनी ताळतंत्र सोडलंय. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं भारतापुरती पाच ठिकाणांची मर्यादा घातली आणि कट्ट्याची शब्दशः पाचावर धारण बसली. अमेरिकेतल्या २०१६ च्या निवडणुकीचा अभ्यास २०१९ च्या सुरुवातीला छापून आला, त्यात पासष्टीपुढच्या फेसबुकवाल्यांनी सगळ्यांत तरुण गटाच्या जवळजवळ सातपट खोट्या बातम्या पुढे ढकलल्याचं निघालं. हे ऐकून आमचे अध्यक्ष म्हणाले, "बघा, यातही आपण पुढे." त्याच अभ्यासात असंही होतं की दहांतल्या नवांनी एकही खोटी बातमी पुढे ढकलली नव्हती. ते त्यांनी फॉरवर्ड केलं नाही.

असो. कोथिंबीर.

कट्ट्याचा वर्धापनदिन. सभागृह भरलेलं. अध्यक्षांचं भाषण चाळीस मिनिटं चाललेलं, आणि हल्ली ते कागद न वापरता फोनमध्ये बघून बोलतात, मोठ्या अक्षरात. कॅशियरकाका पहिल्या रांगेत. कॅशियरकाकूंना घरी निरोप द्यावा म्हणून त्यांनी स्पंजवर बोट टेकवलं आणि लिहिलं, "उशीर होईल. कोथिंबीर तूच आण. हा माणूस माईक गिळून बसलाय." अ‍ॅप कुठलं ते मी सांगणार नाही, उगाच कुणाशी वैर कशाला. तो निरोप काकूंना गेलाच नाही. गेला तो कट्ट्याच्या ग्रुपवर. २१२ सभासद.

सभागृहभर टिंगटिंग झालं, देवळात एकदम घंटा वाजाव्यात तसं. अध्यक्षांच्या फोनवर निरोपाची पट्टी वरून घसरत आली ती नेमकी भाषणाच्या ओळीवर. माणूस रंगात आलेला. ते म्हणाले, "आणि म्हणून ज्येष्ठांनी समाजाला दिशा द्यावी, उशीर होईल, कोथिंबीर तूच आण." टाळ्यासुद्धा पडल्या, मागच्या रांगांतून.

काकांनी धडपडत निरोप पुसायला घेतला. दोन पर्याय आले, सर्वांसाठी की फक्त माझ्यासाठी. घाबरलेल्या माणसाला "माझ्यासाठी" हाच शब्द आधी दिसतो. त्यांच्या फोनवरून निरोप गायब. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, घाम पुसला, आणि उरलेले २११ जण वाचत राहिले. ही चूक जगभर इतक्यांकडून होत असावी की व्हॉट्सअ‍ॅपनं डिसेंबर २०२२ मध्ये उतारा काढला. चुकून फक्त माझ्यासाठी पुसलं तर परत आणायला पाच सेकंद मिळतात. पाच! कपाळावरचा चष्मा नाकावर यायलाच सात लागतात.

दुसऱ्या दिवशी पंचनामा. भाची वही उघडून म्हणाली, "काका, ग्रुपचं नाव बारीक होतं का? रंग फिका होता?"

"अक्षर लख्ख दिसत होतं," काका म्हणाले. "मी कुठल्या खोलीत बोलतोय ते दिसत नव्हतं."

यावर बी विंगच्या काकू बोलल्या. त्यांचं माहेर शनिवारातल्या वाड्यात. "आमच्याकडे ओसरीवर बोलायचा आवाज निराळा," त्या म्हणाल्या. "माजघरात निराळा. आणि खरं काय ते परसात, विहिरीपाशी. उंबरा ओलांडला की जिभेला आपोआप कळायचं. तुझ्या या फोनात ओसरीही तीच आणि परसही तेच. खाली पांढरी पट्टी, कोपऱ्यात बाण. नवऱ्याशी बोला की गावाशी."

आणि खरंच हो. एका ग्रुपात १०२४ पर्यंत माणसं घेता येतात, आणि लिहायची पट्टी मात्र बायकोला लिहितो तेवढीच, तशीच. म्हणूनच आपली माणसं फेसबुकवर कुणाच्याही फोटोखाली "अनेक आशीर्वाद, तुझे काका, पुणे ३८" अशी सही करतात. त्यांना वाटतं पत्र लिहिलंय, असतो तो चौकातला फलक. अमेरिकेतल्या आज्यांची याहून वाईट गत झाली. त्यांनी प्रेमानं खाली "ग्रँडमा" लिहायला घेतलं की फेसबुक ते आपणहून पूर्ण करायचं, ग्रँडमास्टर फ्लॅश. हा न्यू यॉर्कमधला हिप-हॉपचा नामांकित वादक. नातवाच्या वाढदिवसाला शुभेच्छा, आपला ग्रँडमास्टर फ्लॅश! मांडणी करणाऱ्याला सहीसुद्धा अर्ध्यात तोडायचा मोह आवरत नाही.

"मग काय करू, काकू?" भाचीनं विचारलं. पहिल्यांदाच वही मिटून विचारलं.

काकूंनी विचार केला. "पूर्वी कुणाकडे गेलं की दाराबाहेरच्या चपला बघायचो. किती जोड आहेत, कुणाचे आहेत. त्यावरून आत जाऊन काय बोलायचं ते ठरायचं. तसं काहीतरी दाखव की."

तुम्हाला खोटं वाटेल, पण पुढच्या आठवड्यात पोरगी तो नमुना करून घेऊन आली. पाठवायच्या बाणाच्या वर चपला. एकच माणूस असेल तर एक जोड, पाच असतील तर पाच, आणि ग्रुप असला की लग्नाच्या हॉलबाहेर पडतो तसला ढीग. कट्ट्यावर जी झुंबड उडाली म्हणता! अध्यक्षांना त्यांचे बूट ढिगात नकोत, वेगळे हवेत. संस्कृतच्या बाईंना लेदर नको. सी विंगच्या आजोबांनी विचारलं, "कुणी बदलून नेल्या तर?"

शेवटी फोन कॅशियरकाकांकडे आला. कॅशियरकाकू शेजारीच बसल्या होत्या. काकांनी स्पंजवर बोट टेकवलं, काकूंचं नाव काढलं. बाणाच्या वर एकच जोड आला, नाजूक, तपकिरी. काकांनी तो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला आणि मान हलवली.

"ही हिची नव्हे. हिच्या डाव्या चपलेचा अंगठा मे महिन्यापासून तुटलाय."

"अस्सं!" काकू उसळल्या. "म्हणजे माहीत होतं तर तुम्हाला!"